चार दिवसांचं प्राग: जेवण, बिअर आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात मी प्रागमधल्या होस्पोदांबद्दल, म्हणजे तिथल्या गल्लीबोळांतल्या साध्या बिअरघरांबद्दल, ओझरतं लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. अर्धा महाराष्ट्र या सुट्टीत व्हिएन्ना-प्राग-बुडापेस्टच्या वाटेवर दिसतोय. मी प्रागच्या झिझकोव भागात राहते, दिवसभर एका कचेरीत हिशेब बघते आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या होस्पोदात बसते. तेव्हा सांगेन ते रोजच्या वापरातलं. ‘मासिकातून दारूचा प्रचार कशाला?’ असं विचारणाऱ्यांनाही नमस्कार. त्यांच्या कामाचं एक उत्तर खाली आहे, ते जरूर वाचावं.

प्रश्न: यजमान फ्रँकफर्टला कामासाठी जात आहेत, तिथून आम्ही दोघं चार दिवस प्रागला जाणार. इंटरनेटवरून खाण्यापिण्याच्या जागांची यादी केली, ती पंचवीसवर गेली. चार दिवसांत कसं बसवायचं? (एक वाचक, ठाणे)

बसवायचं नाही. यादी घ्या आणि तिच्यावर सरळ काट मारत सुटा. पंचवीस ठिकाणी पाच-पाच मिनिटं टेकून फोटो काढून निघालात तर प्रागची बिअर तुम्ही प्यायलात असं मी तरी म्हणणार नाही. इथे बिअर हा बसण्याचा प्रकार आहे. एका टेबलाशी दोन तास बसा, तेच माणूस तीच बिअर पुन्हा पुन्हा कशी भरतं ते बघा, शेजारचे काय मागवतात ते बघा. चार दिवसांत असे तीन-चार अड्डे खूप झाले.

दिवसाची आखणी मात्र आपल्या सवयीच्या उलट करा. मोठं जेवण दुपारी. सोमवार ते शुक्रवार अकरा ते दोनच्या सुमारास बहुतेक खानावळींत ‘देन्नी मेनू’ किंवा ‘पोलेदनी मेनू’ असतो. फळ्यावर रोजचे चार-पाच पदार्थ खडूने लिहिलेले, सूप धरून साधारण दीडशे-दोनशे कोरुना. कोरुनाचा भाव आपल्या चारेक रुपयांच्या आसपास धरा. शहरातली कचेरीची माणसं हेच जेवतात, म्हणून ते ताजं असतं आणि लवकर संपतं. दीड वाजता गेलात तर चांगला पदार्थ पुसलेला दिसेल.

तिथे एकदा ‘स्विच्कोवा’ खाऊन बघा. गाजर, सेलरीचा कंद आणि पार्सलीची मुळं मांसाबरोबर शिजवायची, वाटायची, त्यात साय घालायची, असा हा दाट आंबटगोड रस्सा. बरोबर पावाच्या उकडलेल्या जाड चकत्या, त्यांना ‘क्नेडलीकी’ म्हणतात. वर लिंबाची फोड, आंबट लाल बेरींचा मुरंबा आणि फेटलेली साय. पहिल्यांदा बघणारा माणूस विचारतो, हे जेवण की गोडधोड? मग चकतीने ताटली पुसून खातो.

पण इथे थांबा. स्विच्कोवा गोमांसाची असते आणि गुलाशही बहुधा त्याचाच. जे खात नाहीत त्यांनी मेनूवरचा ‘होव्येझी’ हा शब्द लक्षात ठेवावा, म्हणजे गोमांस. ‘वेप्रोवे’ म्हणजे डुकराचं, ‘कुर्झेत्सी’ म्हणजे कोंबडीचं. गोमांस टाळणाऱ्यांनी भाजलेलं बदक, ‘काख्ना’, मागवावं. लाल कोबी आणि क्नेडलीकी घेऊन येतं, आणि माझ्या मते स्विच्कोवापेक्षा तेच उजवं आहे.

संध्याकाळी पोट आधीच भरलेलं असतं, म्हणून बिअरबरोबर चटकमटक पुरतं. मुरवलेलं मऊ चीज (‘नाकलादनी हेर्मेलीन’: तेल, कांदा, मिरी आणि लाल मिरची घालून बरणीत मुरत ठेवतात), व्हिनेगरमध्ये मुरलेला जाडा सॉसेज म्हणजे ‘उतोपेनेत्स’, आणि राय नावाच्या धान्याचा काळसर पाव.

जागा विचारल्यात म्हणून सांगते. द्लौहा रस्त्यावरचं ‘लोकाल’: लांबच लांब बोगद्यासारखी खोली, टाकीतली पिल्सनर (पिल्झन गावची सोनेरी बिअर, टाकीचं पुढे सांगते), जेवण बरं. ‘उ पिन्कासू’: प्रागमध्ये पिल्सनर पहिल्यांदा इथे मिळू लागली, 1843 साली. आणि हुसोवा रस्त्यावरचं ‘उ झ्लातेहो तिग्रा’, जिथे लेखक बोहुमिल ह्राबाल रोज बसत आणि 1994 च्या जानेवारीत चेक राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल बिल क्लिंटनना घेऊन आले होते. ते दुपारी तीनला उघडतं आणि उघडण्याआधीच दारात रांग असते. आतली बरीचशी टेबलं नेहमीच्या मंडळींची. जागा मिळाली तर नशीब, नाही मिळाली तर रुसू नका, क्लिंटन बसले म्हणून बिअरची चव बदलत नाही.

प्रश्न: मागच्या वर्षी प्रागला गेलो होतो. वेटरने आणलेल्या ग्लासात वर चार बोटं नुसता फेस! मी तक्रार केली तर तो हसला. ही फसवणूकच ना? (एक वाचक, नागपूर)

काका, फसवणूक नाही. पण तुमचा राग समजतो, कारण आपल्याकडे बाटली तिरपी धरून ‘फेस येऊ देऊ नको रे’ म्हणत ओतायची पद्धत. इथे फेस हाच मालाचा भाग आहे.

माझ्या कोपऱ्यावरच्या होस्पोदात नळावर जो माणूस उभा असतो त्याला वीचेप्नी म्हणतात. पन्नाशीचा, मिशाळ, बोलणं जवळजवळ शून्य. ग्राहक येतो तेव्हा तो आधी ग्लास थंड पाण्यात बुडवून काढतो. पुसत नाही, ओलाच ठेवतो. कोरड्या, कोमट काचेवर फेस भरड होतो, मोठाले बुडबुडे येतात. मग नळाची चोच ग्लासाच्या आत, कडेला टेकवतो. नळाची मूठ बाजूला फिरणारी असते. ती किंचित उघडली की आधी नुसता फेस येतो, ओला, दाट, सायीसारखा गुळगुळीत. तळात तो पुरेसा साठला की चोच फेसाच्या खाली बुडवून मूठ पूर्ण उघडतो, आणि बिअर फेसाच्या पोटातून वर चढत जाते. कुठेही हवा लागत नाही. ग्लास भरताना त्याची नजर त्या ग्लासावरून हलत नाही. त्या वेळात कुणी हाक मारली तर तो ऐकत नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

वरचा तो थर झाकण म्हणून काम करतो. बिअरचा वास आणि तिच्यातला वायू धरून ठेवतो, हवेने चव उतरू देत नाही. तुम्ही थरातून पिता तेव्हा कडूपणाही गोलसर लागतो. अशा साध्या भरण्याला ‘ह्लादिंका’ म्हणतात, वर तीनेक बोटं फेस. ‘श्नित’ म्हणजे मोठ्या ग्लासात थोडी बिअर आणि भरपूर फेस. निघताना शेवटची छोटी हवी असेल तर ती घ्यावी. आणि ‘म्लीको’ म्हणजे ग्लासभर जवळजवळ फेसच, पांढराशुभ्र. तो लगेच, घटाघट प्यायचा. चव चक्क गोडसर असते. तुम्हाला कदाचित हेच आलं असेल, आणि तुम्ही त्याकडे बघत बसल्यामुळे तो हसला असेल.

तक्रार कधी करायची तेही सांगते. ग्लासावर अर्ध्या लिटरची बारीक रेघ असते. ह्लादिंकाचा फेस बसल्यावर बिअर रेघेच्या बरीच खाली राहिली तर बिनधास्त परत पाठवा. स्थानिक लोकही पाठवतात. आणि ग्लास स्वच्छ आहे का ते पिताना कळतं: प्रत्येक घोटागणिक काचेच्या आत फेसाचं एक कडं उमटायला हवं. ग्लास रिकामा होईपर्यंत अशी कडी एकाखाली एक दिसली की समजा धुणारा कामाचा आहे.

प्रश्न: मी शाकाहारी, शिवाय दारूला हात लावत नाही. नवरा आणि दीर दोन्हीत पुढे. त्या दोघांच्या मागे होस्पोदात जाऊन मी करू काय? (एक वाचक, सांगली)

ताई, जाच तुम्ही. न पिणाऱ्या बाईकडे इथे कुणी वळूनही बघत नाही.

आधी प्यायचं. ‘कोफोला’ मागवा. 1960 साली चेकोस्लोव्हाकियात कोलाला पर्याय म्हणून हे पेय निघालं. औषधी वनस्पतींचा किंचित कडवट वास, गोडी कमी. बऱ्याच ठिकाणी ते बिअरसारखंच नळावरून, अर्ध्या लिटरच्या ग्लासात मिळतं, म्हणजे टेबलावर तुमचाही ग्लास मोठाच. बिनअल्कोहोलची बिअरही सगळीकडे असते, पण तिच्यात अंशभर अल्कोहोल असू शकतं, ते चालणार नसेल तर कोफोलाच बरी.

खाण्याचं अवघड आहे, खोटं सांगणार नाही. मेनूवर ‘बेझमासा यीदला’ हा मथळा शोधा, बिनमांसाचे पदार्थ. तिथे ‘स्माझेनी सीर’ हमखास असतो: चीजचा जाड तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला, बटाटे आणि टार्टर सॉस सोबत. आवरणातही अंडं, सॉसमध्येही अंडं. अंडं चालत असेल तर पोटभर होतं. ‘ब्रम्बोराक’ म्हणजे किसलेल्या बटाट्याचं लसूण आणि मार्जोरम घातलेलं थालीपीठच, कडा कुरकुरीत. पण त्यात कधीकधी डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात आणि कधी चरबीत तळतात, तेव्हा विचारूनच घ्या. सुपांच्या बाबतीत सावध राहा: बटाट्याचं सूप दिसायला निर्दोष, पण त्याचं पाणी बहुधा हाडांचं. वेटरला नुसतं ‘वेगेतारियान’ सांगून भागत नाही, ‘बेझ मासा, बेझ शुंकी’ असंही म्हणा, म्हणजे मांस नको आणि हॅमही नको. जुन्या वळणाच्या स्वयंपाक्यांच्या मनात हॅम हे मांसात मोडतंच असं नाही.

माझी आई साताऱ्याहून इथे राहायला आली होती तेव्हा अंडंही न खाणाऱ्या बाईचं काय होतं ते मी जवळून पाहिलं. होस्पोदात तिने उकडलेले बटाटे, लोणी आणि आंबवलेला कोबी यावर दिवस काढले, आणि कोबी मात्र तिला मनापासून आवडला. भारतीय आणि व्हिएतनामी खानावळी शहरभर आहेत. त्यातही व्हिएतनामी लोक इथे इतक्या वर्षांचे आहेत की त्यांचं खाणं प्रागचंच मानायला हरकत नाही. शहराच्या दक्षिण टोकाला ‘सापा’ नावाचा त्यांचा अख्खा बाजार आहे: भाज्या, कोथिंबीर, टोफू, हिरव्या मिरच्या. आई तिथे गेल्यावर पहिल्यांदा मोकळी हसली. अंडं चालणाऱ्यांनी आणखी एक खावं, ‘ओवोत्सने क्नेडलीकी’. आत अख्खं जर्दाळू किंवा प्लम, वर विरघळलेलं लोणी, साखर आणि किसलेला कोरडा पनीर. इथली मुलं ते दुपारचं जेवण म्हणून खातात.

प्रश्न: बिअरच्या नावापुढे 10, 11, 12 असे आकडे असतात. बारा टक्के म्हणजे फारच झालं की! आणि पिल्झनला एक दिवस काढून जावं का? (एक वाचक, पुणे)

तो आकडा अल्कोहोलचा नाही. प्रागचे रसायनतज्ज्ञ कार्ल बालिंग यांनी 1843 मध्ये एक मोजपट्टी बसवली. आंबवण्याआधीच्या काढ्यात माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या जवातून) उतरलेली साखर वगैरे किती आहे, ते ती मोजते. बारा अंशी म्हणजे शंभर ग्रॅम काढ्यात बारा ग्रॅम. त्यातून अल्कोहोल साधारण पाच टक्क्यांच्या घरात येतं, दहा अंशीतून चारच्या. संध्याकाळभर बसायचं असेल तर दहा अंशी घ्या, इथले कामगार तीच पितात. एकच प्यायची असेल तर बारा.

पिल्झनला जा, जरूर जा. प्रागच्या मुख्य स्थानकावरून रेल्वेने दीडेक तास, आणि तिथे स्थानकावरून ब्रुअरी चालत गाठता येते. गोष्ट अशी, की 1838 साली त्या गावातल्या बिअरचा दर्जा इतका घसरला होता की लोकांनी 36 पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. मग बिअर बनवण्याचा हक्क असलेल्या गावकऱ्यांनी एकत्र येऊन नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियाहून योझेफ ग्रोल नावाच्या कारागिराला बोलावलं. गावचं पाणी मऊ, झाटेत्स भागातले सुगंधी हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं), आणि इंग्रजी पद्धतीने मंद भाजलेलं फिकट माल्ट. 1842 च्या ऑक्टोबरात त्याने पहिला घाणा घातला आणि सोनेरी, पारदर्शक बिअर बाहेर आली. तोवर तिकडच्या बिअरी बहुतेक काळपट, गढूळच असत. आज आपल्या वाइनशॉपात मिळणाऱ्या सगळ्या पिवळ्या लागर बिअरी त्या घाण्याच्या वंशातल्या.

फेरीचा कळस म्हणजे तळघरं. वाळूच्या दगडात खोदलेले बोगदे, एकूण लांबी नऊ किलोमीटरच्या आसपास, उन्हाळ्यातही हुडहुडी भरते, स्वेटर न्या. शेवटी ओकच्या मोठ्या पिंपातून न गाळलेली, पाश्चराइज न केलेली बिअर थेट ग्लासात देतात. जरा धूसर, यीस्टचा वास असलेली. ती चव बाटलीत कुठेच नाही. प्रागमध्ये तिच्या सर्वांत जवळ जाते ती टाकीतली बिअर: पाटीवर ‘तान्कोवे पिवो’ लिहिलेलं असतं. टँकरने येते, तळघरातल्या 500 किंवा 1000 लिटरच्या टाकीत, पिशवीच्या आत भरतात, आणि हवेचा दाब पिशवीच्या बाहेरून देतात. बिअरला हवा शिवतही नाही. एकदा टाकी उघडली की ती थोड्या दिवसांत संपवावी लागते, म्हणून गर्दीचं होस्पोदा रिकाम्या होस्पोदापेक्षा नेहमी चांगलं.

प्रश्न: आम्ही गोव्याचे, ताव्हेर्नात बसायची सवय आहे. प्रागच्या बिअरघरात काही वेगळे रिवाज आहेत का? (एक वाचक, मडगाव)

मग तुम्हाला निम्मं तर येतंच. तिथेही मालक उगाच हसत नाही, इथेही वेटर हसत नाही. तो चिडलेला नसतो, तसाच असतो.

आत गेल्यावर काउंटरशी उभं राहू नका, बसा. टेबल भरलेलं पण एक-दोन खुर्च्या मोकळ्या असतील तर ‘ये तू वोल्नो?’ (जागा मोकळी आहे का?) विचारून अनोळखी लोकांत बसायचं, कुणाला काही वाटत नाही. टेबलावर ‘रेझेर्वे’ची पाटी असेल आणि आत्ता कुणी नसेल, तरी ती जागा सोडा. संध्याकाळी सहाला तिथे कुणीतरी येणार आहे, कदाचित गेली तीस वर्षं येत असलेलं. समोरचा पुठ्ठ्याचा गोल तबकडा आपल्यापुढे ओढून ठेवला, की वेटरला कळतं बिअर हवी. तो एक लांबट कागदाचा चिटोरा टेबलावर ठेवतो आणि प्रत्येक ग्लासागणिक त्यावर पेन्सिलीची एक रेघ ओढतो. तो कागद म्हणजे तुमचं बिल. त्यावर हिशेब मांडू नका, मुलांना चित्रं काढू देऊ नका, हरवू तर मुळीच नका.

ग्लास संपत आला की न मागता दुसरा येतो. नको असेल तर तबकडा ग्लासावर झाकून ठेवा. बस, एवढं पुरतं. उरलेली बिअर नव्या ग्लासात ओतणं हा इथे मोठा अपराध: समोरचा म्हातारा डोळे मिटून घेईल. चिअर्स करताना, म्हणजे ‘ना झ्द्रावी’ म्हणताना, डोळ्यांत बघायचं. टिप टेबलावर सोडून जायची नसते. बिल 372 झालं तर पैसे देताना ‘चारशे’ म्हणायचं, तो तेवढे कापून घेतो. आणि गाडी चालवायची असेल तर एक घोटही नाही. कायदा शून्याचा आहे. पण रात्रीच्या ट्राम असतात, 91 ते 99 क्रमांकाच्या, सगळ्या लाझार्स्का थांब्याशी एकत्र येतात. तिकीट मशिनीत घालून शिक्का मारून घ्या, प्यायलेल्यालाही दंड होतो.

प्रश्न: कोल्हापूरच्या जिभेला तिकडचं जेवण मिळमिळीत लागेल का? ठेचा न्यावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

लागेल. हॉटेलच्या खोलीसाठी न्या. होस्पोदात मात्र बरणी काढू नका, वेटर बघतो आणि मग मला ऐकवतो. तिथे ‘क्रझेन’ मागा: ताज्या किसलेल्या हॉर्सरॅडिशचा, म्हणजे एका तिखट मुळाचा, ढीग, सॉसेजबरोबर देतात. तो जिभेला लागत नाही, सरळ नाकात आणि डोक्यात जातो, रंकाळ्यावरच्या पैलवानालाही पाणी काढेल. लसणीचं सूप ‘चेस्नेचका’ही झणझणीत असतं, रात्र जास्त झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी हेच पितात. ज्याला वासाची भीती नाही त्याने मोराविया भागातलं ‘त्वारूश्की’ चीज कांद्याबरोबर खाऊन बघावं. सुकटीच्या वासावर वाढलेल्या माणसाला त्यात काही विशेष वाटायचं कारण नाही.

प्रश्न: जुन्या शहराच्या चौकात एका स्टॉलवर हॅमची प्लेट घेतली, पाटीवरच्या किमतीच्या तिप्पट पैसे घेतले. (एक वाचक, मुंबई)

पाटीवरची किंमत शंभर ग्रॅमची असते, बारीक अक्षरांत. आणि कापणारा मुद्दाम मोठा तुकडा कापतो. वजन आधी सांगून घ्यायचं, नाहीतर चौकात खायचंच नाही. दोन गल्ल्या आत गेलात की निम्म्या पैशांत बसून जेवता. काही ठिकाणी टेबलावर आधीच पावाची, प्रेट्झेलची टोपली असते, ती फुकट नाही. पैसे बदलताना भाव बघून घ्या. पैसे बदलण्यात फसलात असं वाटलं तर पावती घेऊन तीन तासांच्या आत परत जा, 2019 पासून कायद्याने व्यवहार उलटवता येतो.

प्रश्न: त्र्देल्निक खावा का? सगळे रीलमध्ये दाखवतात. (एक वाचक, नाशिक)

आइस्क्रीम भरलेला तो दंडगोल? खायचा तर खा, साखर-दालचिनीचा गरम वास छान असतो. पण ‘प्रागचा प्राचीन पदार्थ’ म्हणून नको. त्र्देल्निकचं नाव स्लोवाकियातल्या स्कालित्सा गावाशी जोडलेलं आहे, युरोपात त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. प्रागच्या गल्ल्यांत तो पर्यटकांच्या मागोमाग आला. इथली आजी गोड खायचं म्हटलं तर मिठाईच्या दुकानात जाते आणि येताना ‘ख्लेबीच्की’ घेऊन येते: पावाच्या चकतीवर बटाट्याचं सॅलड, अंडं, काकडी, हॅम. उभ्या उभ्या दोन खा, दुपारपर्यंत भूक लागत नाही.

प्रश्न: मित्रांसाठी बिअर आणायची आहे. कुठली आणू? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

कुठलीच नको. कस्टमला माणशी दोन लिटरपर्यंत मद्य चालतं, म्हणजे फार तर चार ग्लास. त्यासाठी बॅगेत काचा वाहणं शहाणपणाचं नाही, आणि हिरव्या बाटलीला प्रकाश लागला की चव बिघडते. आणायचीच तर कॅन आणा आणि आल्या आठवड्यात संपवा. त्यापेक्षा ‘बेखेरोव्का’ची लहान बाटली बरी, औषधी वनस्पतींची कडूगोड दारू, पाहुण्यांना घोटभर देता येते. पोरांसाठी कार्लोवी वारीच्या पातळ गोल बिस्किटांचा डबा. आणि जाड दांडीचा बिअरचा ग्लास हवाच असेल तर दुकानातून विकत घ्या. होस्पोदातला पिशवीत घालू नका, वेटर रेघा मोजतो तसे ग्लासही मोजतो.